थोड्या वेळाने पुन्हा सुरू होणारी सूं सूं : स्कूबा रेग्युलेटरची गळती घरी कशी शोधावी आणि कुठे थांबावे

समस्या अशी आहे. सिलिंडर उघडल्यावर रेग्युलेटर, म्हणजे पाण्याखाली सिलिंडरमधली हवा तोंडापर्यंत पोहोचवणारा संच, शांत असतो, श्वास घेऊन पाहिला तर सुरळीत चालतो, आणि दीड-दोन मिनिटे नुसता पडून राहिला की माउथपीसमधून बारीक सूं सूं ऐकू येऊ लागते. पर्जचे, म्हणजे हवा मुद्दाम सोडण्याचे, बटण दाबून सोडले की आवाज थांबतो आणि मिनिटभराने पुन्हा येतो. सेकंड स्टेजवरची, म्हणजे तोंडाजवळच्या भागावरची, घुंडी आवळली की तो दिवस निभावतो. पुढच्या खेपेला तीच घुंडी आणखी अर्धा फेरा आवळावी लागते आणि श्वास थोडा जड होतो. माझ्या रेग्युलेटरला हे दुखणे दोन हंगाम होते. पावसाळाभर कपाटात राहिलेला रेग्युलेटर ऑक्टोबरात तारकर्लीला नेला की पहिल्याच दिवशी आवाज सुरू होई. एका दुकानात सेकंड स्टेजची सीट (व्हॉल्व्ह मिटवणारी मऊ चकती) बदलून घेतली, ती चार डाइव्ह चालली. दुसऱ्या वर्षी तिथेच ऑक्टोपसचीही (जोडीच्या राखीव सेकंड स्टेजचीही) सीट बदलली, तरी आवाज गेला नाही. दोन्ही वेळा दुखणे एका ठिकाणी होते आणि औषध दुसऱ्याच ठिकाणी चालले होते, हे कळायला मला एक लहानसे गेज विकत घ्यावे लागले. ज्यांचा रेग्युलेटर असाच पुन्हापुन्हा गळतो त्यांनी पान्याला हात लावण्यापूर्वी पुढचे वाचावे, एवढ्यासाठी हे सविस्तर लिहीत आहे.

आवाज सेकंड स्टेजमधून येतो, म्हणून बिघाड सेकंड स्टेजमध्येच असला पाहिजे असे आपण धरून चालतो. परंतु तिथे पोहोचणारी हवा आधी सिलिंडरवर बसणाऱ्या फर्स्ट स्टेजमधून येते. सिलिंडरमधला सुमारे २०० बारचा दाब फर्स्ट स्टेज कमी करते आणि होजमध्ये, म्हणजे दोन्ही स्टेज जोडणाऱ्या नळीत, भोवतालच्या दाबापेक्षा साधारण ९ ते १० बार अधिक दाब कायम ठेवते. यालाच मधला दाब किंवा आयपी म्हणतात. नेमका आकडा मॉडेलप्रमाणे बदलतो आणि तो उत्पादकाच्या पुस्तिकेत दिलेला असतो. सेकंड स्टेज हा दाब आणखी उतरवून, ज्या खोलीवर आपण आहोत तिथल्या दाबाने, आपण ओढू तेवढीच हवा देते. बहुतेक सेकंड स्टेजमधला व्हॉल्व्ह हवेच्या प्रवाहाच्या दिशेने उघडणारा असतो, म्हणजे मधला दाब त्याला सतत उघडायला बघतो आणि एक लहान स्प्रिंग त्याला मिटून धरते. ही रचना विचारपूर्वक केलेली आहे, कारण त्यामुळे बिघाड झालाच तर हवा बंद पडत नाही, ती वाहत राहते. पाण्याखाली असलेल्या माणसासाठी या दोहोंत जीवनमरणाचे अंतर आहे.

आता समजा, ती स्प्रिंग ९.५ बारच्या हिशोबाने लावलेली आहे आणि फर्स्ट स्टेजचा व्हॉल्व्ह नीट मिटत नाही. आपण श्वास घेत असतो तोवर काही जाणवत नाही, कारण चोरून आत येणारी हवा आपणच वापरत असतो. श्वास थांबला की मात्र होजमधला दाब हळूहळू चढू लागतो : ९.५, १०, १०.५. तो ११ वर गेला की साध्या, असंतुलित (केवळ स्प्रिंगच्या जोरावर मिटणाऱ्या) सेकंड स्टेजच्या व्हॉल्व्हवरचा रेटा सुमारे १६ टक्क्यांनी वाढलेला असतो. स्प्रिंग हार मानते, जास्तीची हवा बाहेर पडते आणि आपल्याला सूं सूं ऐकू येते. ज्या सेकंड स्टेजची स्प्रिंग सर्वांत हलकी असते तिथून आवाज आधी येतो, म्हणून बिचारीवर आळ येतो. तिची घुंडी आवळणे म्हणजे पाण्याची टाकी भरून वाहते म्हणून टाकीच्या भिंती उंच करत बसणे, मूळ नळ तसाच चालू ठेवून. त्यात आणखी एक नुकसान होते. आवळलेल्या स्प्रिंगमुळे मऊ सीट धातूच्या कडेवर जास्त जोराने दाबली जाते, तिच्यावर गोल चर खोल होत जातो, आणि काही महिन्यांत सेकंड स्टेजही खरोखरच गळू लागते. एका बिघाडाचे मग दोन होतात.

आवाज कधी सुरू होतो, हा पहिला पुरावा आहे. सिलिंडर उघडताक्षणी आवाज असेल आणि तो एकसारखा राहत असेल, तर संशय सेकंड स्टेजवर घ्यावा. आधी शांतता आणि मग आवाज, बटण दाबल्यावर पुन्हा शांतता, असा क्रम असेल तर संशय फर्स्ट स्टेजवर घ्यावा. संशयाचे खात्रीत रूपांतर मात्र गेजच करते.

मधल्या दाबाचे गेज हे काही फार मोठे उपकरण नाही. २० बारपर्यंत मोजणारी तबकडी आणि तिच्या मागे बीसीडीच्या (तरंगण्यासाठी हवा भरायच्या जॅकेटच्या) इन्फ्लेटर होजला खटकन बसणारे तोंड, एवढेच ते असते. रेग्युलेटरची काळजी घरी घ्यायची असेल तर पहिली खरेदी हीच करावी. पाने, आकड्या आणि ग्रीसच्या ट्यूबा नंतर. गेज इन्फ्लेटर होजला जोडावे, निदान एक सेकंड स्टेज जोडलेली असल्याची खात्री करावी, पर्जचे बटण किंचित दाबून धरावे आणि सिलिंडरचा व्हॉल्व्ह सावकाश उघडावा. गेजची काच स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या चेहऱ्याकडे असू नये. सेकंड स्टेज जोडलेली असण्याचा आग्रह यासाठी, की फर्स्ट स्टेजची सीट पूर्ण निकामी झालीच तर वाढलेल्या दाबाला बाहेर पडायची वाट तीच देते. सगळी तोंडे बंद करून फर्स्ट स्टेज एकटी कधीही सिलिंडरला जोडू नये.

व्हॉल्व्ह पूर्ण उघडल्यावर बटण सोडावे आणि सुई पाहावी. निरोगी फर्स्ट स्टेजची सुई आपल्या आकड्यावर येऊन चटकन थांबते आणि तिथून हलत नाही. पाच-सात वेळा बटण दाबून सोडले तरी ती दरवेळी त्याच रेघेवर परत येते. सीट नवी असेल तर सुई पाव बारभर सरकून थांबते. नवी सीट कडेवर बसायला थोडा वेळ घेते, त्यात घाबरण्यासारखे काही नाही. सुई थांबायला तयारच नसेल, मिनिटामिनिटाला एकेक रेघ वर चढत असेल, तर फर्स्ट स्टेजमध्ये दाब चढतो आहे आणि तेच या समस्येचे मूळ आहे. माझ्या गेजवर सुई ९.४ वर आली, क्षणभर थांबली, आणि पाच मिनिटांत ती १०.८ वर होती. तिथे सेकंड स्टेज बोलू लागली. दोन वर्षे मी ज्या आवाजाच्या मागे धावत होतो त्याचे कारण त्या पाच मिनिटांत माझ्या डोळ्यांसमोर वर चढत गेले.

इथे एक गफलत हमखास होते. सेकंड स्टेज आधीपासूनच गळत असेल तर ती जास्तीचा दाब सतत सोडत राहते, आणि गेजची सुई शहाण्यासारखी एका जागी उभी दिसते. पाहणारा म्हणतो, फर्स्ट स्टेज ठीक आहे. म्हणून मोजण्यापूर्वी सेकंड स्टेजची घुंडी आवाज पूर्ण थांबेपर्यंत आवळावी, मग सुई पाहावी, आणि चाचणी झाल्यावर घुंडी जिथे होती तिथे परत आणावी. आवाज थांबतच नसेल तर ती सेकंड स्टेज आधी दुरुस्त केल्याशिवाय मोजमापाला अर्थ नाही.

चाचणी भरलेल्या सिलिंडरवर एकदा आणि ५० बारच्या आसपास उरलेल्या सिलिंडरवर एकदा अशी दोनदा करावी. संतुलित रचनेच्या फर्स्ट स्टेजमध्ये दोन्ही आकडे जवळजवळ सारखे येतात. असंतुलित पिस्टनच्या साध्या फर्स्ट स्टेजमध्ये सिलिंडर रिकामा होत जातो तसा मधला दाब उतरतो. तो बिघाड नव्हे, ती तिची प्रकृती आहे. जोराचा श्वास घेताना सुई क्षणभर बारभर खाली जाऊन परत आली तर हरकत नाही, पण ती दोन-तीन बार कोसळत असेल आणि परत यायला रेंगाळत असेल तर आधी सिलिंडरचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडला आहे का ते पाहावे आणि मग फर्स्ट स्टेजच्या तोंडाशी असलेला फिल्टर.

हा फिल्टर न उघडताही पाहता येतो आणि तो पुष्कळ काही सांगतो. धुळीचे झाकण काढून, विजेरीच्या उजेडात, शक्य असल्यास भिंगातून त्याच्याकडे पाहावे. निरोगी फिल्टर एकसारखा रुपेरी किंवा पितळी दिसतो. तांबूस-तपकिरी झाक असेल तर लोखंडी सिलिंडरच्या आत गंज धरला आहे. पांढरट किंवा राखाडी भुकटी असेल तर ती ॲल्युमिनियमच्या सिलिंडरमधून आलेली आहे. काळपट आणि तेलकट थर असेल तर सिलिंडर भरणाऱ्या कॉम्प्रेसरची गाळणी तपासायला हवी, आणि अशी हवा फुप्फुसात जाऊ देऊ नये. आणि हिरवा रंग दिसला तर फर्स्ट स्टेजमध्ये पाणी गेले आहे. कल्हई उडालेल्या पितळेच्या भांड्यात ताक ठेवले की ते कळकते, हे आपल्या घरातल्या थोरल्यांना सांगावे लागत नसे. रेग्युलेटरचे अंगही क्रोमच्या मुलाम्याखाली पितळेचेच असते, आणि खाऱ्या पाण्याने त्याला आलेला हा कळंकच होय. माझ्या फिल्टरच्या एका बाजूला, करंगळीच्या नखाच्या चंद्रकोरीएवढा, तो हिरवा डाग होता.

घरी काय उघडावे आणि काय उघडू नये

फर्स्ट स्टेज मी घरी उघडत नाही. ज्यांच्याकडे त्याच मॉडेलची सर्व्हिस पुस्तिका, उत्पादकाचे मूळ सुटे भाग, टॉर्क पाना, योग्य मापाची हत्यारे आणि हे काम कुणाकडून तरी शिकल्याचा अनुभव आहे, असे लोक ते करतात आणि नीट करतात. परंतु आत जिथे २०० बारचा दाब ९.५ वर आणला जातो, त्या धातूच्या कडेवर केसाएवढा ओरखडा पडला तरी दुसऱ्या दिवसापासून नवी सीटही गळू लागते, आणि तो ओरखडा बहुधा ओ-रिंग (गळती रोखणारी रबरी कडी) काढताना पोलादी टोच्यानेच पडतो. व्हिडिओ पाहून शिकण्याचे काम हे नव्हे, असे माझे स्पष्ट मत आहे. मधल्या दाबाचा स्क्रू फिरवून आकडा खाली आणण्याचा मोहसुद्धा आवरावा. चढणारी सुई त्याने थांबत नाही. ती फक्त खालच्या आकड्यापासून चढायला लागते.

असे असले तरी तंत्रज्ञाकडे रिकाम्या हाताने जाऊ नये. मी दुसऱ्या ठिकाणी गेलो तेव्हा कागदावर आकडे लिहून नेले : सिलिंडरमध्ये किती बार होते, सुई कुठे थांबली, पाच मिनिटांनी कुठे पोहोचली, फिल्टरचा रंग कोणता. काढलेले जुने भाग परत देण्याची विनंती केली. त्यांनी ती सीट एका पाकिटात घालून दिली, आणि ती मी अजून जपून ठेवली आहे. हरभऱ्याच्या डाळीएवढ्या त्या पांढऱ्या प्लास्टिकवर भिंगातून एक रेखीव वर्तुळ दिसते, कडेने दाबून दाबून उमटलेले. ते वर्तुळ स्वाभाविक आहे. परंतु एका जागी ते तुटलेले आहे, आणि त्या तुटीत मिठाचा एक कण रुतून बसलेला आहे. दोन हंगामांची सूं सूं, दुकानाच्या दोन खेपा आणि वाया गेलेल्या दोन सीटा यांचे मूळ त्या कणात होते. सर्व्हिसनंतर दोन्ही सेकंड स्टेजच्या घुंड्या मूळ जागी आणल्या आणि श्वास पहिल्यासारखा हलका झाला.

सेकंड स्टेज मात्र घरी उघडावी, आणि हंगामात एकदा तरी उघडावीच. काम सुरू करण्यापूर्वी रेग्युलेटर सिलिंडरवरून काढलेला आणि बटण दाबून होज रिकामी केलेली असावी. चहाच्या ट्रेवर पांढरे सुती फडके पसरावे, म्हणजे सुटलेला भाग गडगडत जात नाही आणि दिसतोही. पुढचे गोल झाकण बहुतेक मॉडेलमध्ये हाताने फिरते. त्याखाली एक सरकती रिंग आणि त्याखाली सिलिकॉनचा डायफ्रॅम, म्हणजे श्वास ओढताच आत दबणारी पातळ तबकडी, असते. प्रत्येक पायरीला मोबाइलवर फोटो काढत जावे, परत जोडताना ते फार कामी येतात. डायफ्रॅम उजेडासमोर धरून हलकेच ताणावा. टाचणीएवढे भोक असले तरी उजेड आरपार दिसतो. तारकर्ली-देवबागच्या किनाऱ्यावरून बोटीत चढताना जी बारीक वाळू सगळीकडे जाते ती इथे सापडते : झाकणाच्या आतल्या कडेला, पर्जच्या बटणाखाली, आणि उच्छ्वासाच्या पातळ रबरी पडद्याच्या पाळीखाली. या पडद्याखाली वाळूचा एक कण किंवा केस अडकला की प्रत्येक श्वासाबरोबर तोंडात थोडे खारे पाणी येते. असा ओला श्वास हे वेगळे दुखणे आहे, त्याचा सूं सूंशी संबंध नाही. पडदा स्वच्छ करून, मुडपलेला असेल तर बदलून, ते मिटते.

डायफ्रॅमखालचा तरफेसारखा दांडा नीट पाहावा. डायफ्रॅम बसवल्यावर हा दांडा त्याला जेमतेम टेकला पाहिजे. तो उंच असेल तर झाकण लावताक्षणी डायफ्रॅम त्याला दाबतो आणि हवा वाहू लागते. तो फार खाली असेल तर श्वास ओढावा लागतो आणि खोलवर हवा अपुरी पडते. दांडा हाताने वाकवून उंची साधणे ही वाईट सवय आहे. उंची बहुतेक मॉडेलमध्ये होजच्या तोंडातून आत दिसणाऱ्या ऑरिफिसच्या (सीट जिच्यावर टेकते त्या धातूच्या तोंडाच्या) बसणीवर किंवा सीटच्या दांड्यावरच्या नटावर ठरते, आणि ती तिथूनच पुस्तिकेप्रमाणे साधावी. ऑरिफिस फिरवताना पर्जचे बटण दाबून धरावे, म्हणजे सीट त्याच्या धारेपासून सुटी राहते; नाहीतर फिरणारी धार सीटला गोल कापत जाते. सीट काढली आणि तिच्यावरचा चर नखाला लागत असेल तर ती बदलावी. उलटी करून वापरण्याचा उपाय काही जण सांगतात, पण मी तो करत नाही, कारण सीटची किंमत एका डाइव्हच्या खर्चाच्या मानाने क्षुल्लक असते.

दोन्ही स्टेज पुन्हा जोडल्यावर एक परीक्षा परातीत करता येते आणि ती करून पाहण्यात मोठा आनंद आहे. खोलगट परातीत किंवा रुंद पातेल्यात पाणी घ्यावे, सिलिंडर उघडा ठेवावा, सेकंड स्टेजचे माउथपीस वर आणि पर्जचे झाकण खाली अशा रीतीने ती सावकाश पाण्यात उतरवावी. एका क्षणी डायफ्रॅमवरचा पाण्याचा दाब व्हॉल्व्ह उघडतो आणि हवा फसफसून वर येते. त्या क्षणी डायफ्रॅम पाण्याच्या पृष्ठभागाखाली किती सेंटिमीटर होता ते पट्टीने पाहावे. सुमारे अडीच ते चार सेंटिमीटर हा बहुतेक रेग्युलेटरसाठी ठीक आकडा आहे. दीड सेंटिमीटरलाच हवा सुटली तर रेग्युलेटर पाण्यात जरा तोंडाबाहेर आला की वाहू लागेल, आणि सहा सेंटिमीटर लागले तर प्रत्येक श्वासाला छातीने काम करावे लागेल. बाहेर ही परीक्षा तोंडाने जोखता येत नाही. कोरड्या खोलीत मस्त वाटणारा श्वास वीस मीटरवर, जिथे प्रत्येक श्वासाला पृष्ठभागाच्या तिप्पट हवा लागते, तसाच वाटेल असे नाही.

दुसरी परीक्षा सिलिंडरशिवायच होते. धुळीचे झाकण फर्स्ट स्टेजवर बसवावे आणि माउथपीस तोंडात धरून हवा ओढावी. आत पोकळी होऊन ओढणे अडले पाहिजे आणि अडलेले राहिले पाहिजे. हवा येत असेल तर डायफ्रॅम, उच्छ्वासाचा पडदा किंवा अंगाची चीर यांपैकी कुठून तरी पाणीही येणार.

उरलेल्या गळत्यांसाठी बादली पुरेशी आहे. दाबाखालचा सगळा संच पाण्यात बुडवून बुडबुडे पाहावेत. होजच्या जोडातून येणारे बुडबुडे बहुधा एका ओ-रिंगने थांबतात. दाबमापकाच्या मानेजवळची मोत्यांची माळ तिथल्या लहान फिरत्या नळीच्या दोन ओ-रिंग सांगते. होजच्या धातूच्या टोपीखालून बुडबुडे आले तर होज बदलण्याला पर्याय नाही, आणि टोपीवरचे रबरी संरक्षक मागे सरकवून पाहिल्याशिवाय ते दिसतही नाहीत. पिस्टनच्या फर्स्ट स्टेजच्या अंगावरील भोकांतून बुडबुडे आले तर पिस्टनची ओ-रिंग गेली आहे आणि ते काम तंत्रज्ञाचे आहे. विणलेल्या आवरणाच्या लवचीक होज वापरणाऱ्यांनी आणखी एक पाहावे : उष्ण आणि दमट हवेत काही होजच्या आतल्या अस्तराचे काही वर्षांनंतर पिवळसर कण होतात आणि ते कण हवेची वाट अडवतात. होज बोटांत वाकवताना करकर जाणवली किंवा सेकंड स्टेजमध्ये असे कण सापडले तर ती होज त्याच दिवशी टाकून द्यावी.

ग्रीसविषयी थोडे. ओ-रिंग ओलसर दिसेल इतकाच सिलिकॉन ग्रीसचा हात फिरवावा. गोळा राहिला तर वाळू त्याला चिकटते. डायफ्रॅम आणि उच्छ्वासाचा पडदा सिलिकॉनचेच असल्यामुळे त्यांना हे ग्रीस लावू नये, ते फुगतात. खोबरेल तेल, शिलाई मशीनचे तेल, व्हॅसलीन, गंज सोडवणारे फवारे यांपैकी काहीही रेग्युलेटरजवळ आणू नये. रबर खराब होते हे एक, आपण तीच हवा श्वासात घेतो हे दुसरे, आणि नायट्रॉक्ससारख्या जास्त ऑक्सिजनच्या मिश्रणात, दाबाखाली, तेल पेट घेऊ शकते हे तिसरे. जास्त ऑक्सिजनसाठी सिलिकॉन ग्रीसही चालत नाही. त्यासाठी वेगळे ग्रीस आणि वेगळी स्वच्छता लागते, आणि ते काम त्याचे शिक्षण असलेल्याकडेच द्यावे.

सुट्या केलेल्या पितळी भागांवर मीठ घट्ट बसले असेल तर पांढरे व्हिनेगर तितक्याच कोमट पाण्यात मिसळून त्यात ते दहा मिनिटे ठेवावेत, मग चिमूटभर खायचा सोडा घातलेल्या पाण्यातून आणि शेवटी डिस्टिल्ड पाण्यातून काढावेत. बोअरचे जड पाणी शेवटच्या धुण्याला वापरू नये, त्यातला चुना मागे राहतो. दहा मिनिटांचे तासभर करू नयेत. जिथे क्रोमचा मुलामा उडालेला असतो तिथे आम्ल पितळ खाते आणि भाग गुलाबी पडतो. ॲल्युमिनियमचे रंगीत भाग या पाण्यात घालूच नयेत. चिंच, लिंबू आणि भांडी घासायची पावडर देवघरातल्या समईसाठी ठेवावी.

मीठ आत गेले कसे

माझ्या फर्स्ट स्टेजमध्ये पाणी कुठून गेले याचा शोध मी मनाशी बराच घेतला, आणि उत्तर बोटीवरच्या बादलीत सापडले. डाइव्ह संपली की सगळ्यांचे रेग्युलेटर गोड्या पाण्याच्या एकाच बादलीत जातात. पहिल्याचा रेग्युलेटर गोड्या पाण्यात बुडतो, सहाव्याचा निम्म्या समुद्रात. समुद्राच्या लीटरभर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम मीठ असते, आणि प्रत्येक संच आपला वाटा त्या बादलीत सोडत जातो. त्या घाईत कुणाचे झाकण नीट बसलेले नसते, कुणाचे ओले बसवलेले असते. झाकणाच्या पोकळीत राहिलेला एक थेंब फिल्टरला चिकटतो, पुढच्या खेपेला सिलिंडर उघडला की २०० बारची हवा त्याला थेट आत ढकलते, पाणी उडून जाते आणि मीठ सीटवर राहते. झाकण वाळवण्यासाठी सिलिंडरची हवा त्यावर फुस्कन सोडण्याची जी पद्धत आहे तीही धोक्याची, कारण तो फवारा पुष्कळदा बाजूच्या उघड्या फिल्टरवरच उडतो.

म्हणून मी आता झाकण कोरड्या फडक्याने, बोट आत घालून पुसतो, फिल्टर कोरडा असल्याचे पाहतो, झाकण आवळतो, आणि मगच पाण्याकडे वळतो. बोटीवरच्या बादलीला मी धुणे धरत नाही. मुक्कामी पोहोचल्यावर कोमट पाण्यात, म्हणजे हाताला सोसेल इतपत, तासभर भिजवणे हेच धुणे. वाळलेले मीठ वरून पाणी ओतून निघत नाही, ते विरघळायला वेळ द्यावा लागतो. शक्य असेल तेव्हा रेग्युलेटर सिलिंडरला जोडून, दाबाखाली ठेवूनच भिजवावा, मग पाण्याला आत जायला वाटच राहत नाही. दाब नसेल तर भिजवताना पर्जचे बटण चुकूनही दाबू नये : ते दाबले की सेकंड स्टेजचा व्हॉल्व्ह उघडतो आणि पाणी होजमधून उलट्या वाटेने फर्स्ट स्टेजपर्यंत पोहोचते. याच कारणाने धुताना घुंडी आवळलेली असावी. भिजवून झाल्यावर एक दिवस सावलीत टांगावा. उन्हात रबर लवकर म्हातारे होते.

पावसाळ्याआधीची तयारी वेगळी. जून ते सप्टेंबर आपल्या किनाऱ्यावर डायव्हिंग बंद असते आणि रेग्युलेटर चार महिने हलत नाही. त्या काळात सेकंड स्टेजची घुंडी पूर्ण सैल सोडून ठेवतो, म्हणजे स्प्रिंग सीटला चर पाडत बसत नाही. धुताना आवळलेली, ठेवताना सैल, हे दोन्ही लक्षात ठेवावे लागते. होज मोठ्या वेटोळ्यात ठेवतो, माउथपीसवर स्वच्छ सुती कापड बांधतो, कारण कोकणातल्या घरात कुंभारीण माशीला एवढे भोक पुरते आणि झुरळांना त्याहूनही कमी. डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवतो. डांबराच्या गोळ्या ठेवू नयेत. ज्या वस्तूतून श्वास घ्यायचा तिला तो वास आणि ती वाफ नको.

उत्पादकांनी सांगितलेली सर्व्हिसची मुदत, मग ती वर्षाची असो, दोन वर्षांची असो वा १०० डाइव्हची, यातल्या कशानेही टळत नाही. ओ-रिंग न वापरताही जुन्या होतात.

नव्या सीटनंतरचा पहिला ऑक्टोबर. तारकर्लीला पहिल्या बोटीच्या आदल्या संध्याकाळी घराच्या पडवीत भाड्याचा सिलिंडर उभा केला, गेज जोडले, बटण दाबून धरत व्हॉल्व्ह उघडला. वहीतली नोंद अशी आहे : सिलिंडर १९० बार, सुई ९.६, दहा मिनिटांनी ९.६. सिलिंडर ६० बार, सुई ९.५, दहा मिनिटांनी ९.५. फिल्टर रुपेरी. परातीत ३ सेंटिमीटर. आवाज नाही.